वक्तशीर प्रवासवर्णनांविरुद्ध

मराठीत जपानवर लिहिलेल्या प्रवासलेखात आगगाडी वेळेवर येते. फलाटावर आखलेल्या खुणेशी ती नेमकी थांबते, तिचे दार रांगेच्या तोंडाशीच उघडते, लेखक मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतो आणि मग, बहुधा पुढच्याच परिच्छेदात, त्याला दादर आठवते. दिवाळी अंकांतून, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून आणि सहलीहून परतलेल्यांनी स्वखर्चाने काढलेल्या पुस्तकांतून हा प्रसंग मी इतक्या वेळा वाचला आहे की त्याला आता लोककथेचे रूप आले आहे. लोककथेप्रमाणेच त्याचे पाठभेदही आहेत. कधी तोक्योच्या फलाटावर सात मिनिटांत अख्खी शिंकान्सेन झाडून-पुसून काढणारे सफाई कामगार येतात. कधी नियोजित वेळेच्या वीस सेकंद आधी गाडी सोडल्याबद्दल २०१७ साली जाहीर दिलगिरी व्यक्त करणारी रेल्वे कंपनी येते. आणि कधी, वाचकाचे डोळे पाणावलेच पाहिजेत अशा बेताने, होक्काइदोच्या बर्फातले ते स्थानक येते, जे म्हणे एका शाळकरी मुलीसाठी सुरू ठेवले होते.

गाडी वेळेवर येते हे खरेच आहे. माझा आक्षेप गाडीला नाही. आक्षेप आहे तो गाडी वेळेवर आली एवढे नोंदवून तिथेच उतरून जाणाऱ्या लेखकाला. आणि त्याहून अधिक, अशा लेखनाला 'परसंस्कृतीचे दर्शन' म्हणून गुण देणाऱ्या आपल्या समीक्षेला आणि अध्यापनाला. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आपण निवेदकाचे व्यक्तिमत्त्व, निसर्गवर्णन, विनोद, तौलनिक दृष्टी असे कप्पे पाडतो. 'तौलनिक दृष्टी' या कप्प्यात विद्यार्थी काय भरतात हे ज्यांनी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्यांना ठाऊक आहे: स्वच्छता, शिस्त, राष्ट्रप्रेम, वक्तशीरपणा. चार शब्दांत एक देश संपतो. पाचवा शब्द 'आपण' असतो आणि तो मान खाली घालून उच्चारायचा असतो.

२०२३ च्या नोव्हेंबरात हिरोशिमात मला एक मोकळा दिवस मिळाला. सोबत कोणी नव्हते. पूर्वेला ओनोमिचीपर्यंत जायचे होते. शिंकान्सेनने तो प्रवास चुटकीसरशी होतो. पण मी मुद्दामच कुरे मार्गावरची, सगळ्या स्थानकांवर थांबणारी साधी गाडी धरली. काइताइचीपासून मिहारापर्यंत ८७ किलोमीटरचा हा एकेरी मार्ग बहुतेक वेळ समुद्राच्या काठाकाठाने जातो. एकेरी असल्यामुळे समोरची गाडी येईपर्यंत एखाद्या लहानशा स्थानकात खोळंबायचे; कोकण रेल्वेने जाणाऱ्या मराठी वाचकाला 'क्रॉसिंग' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हिरो या स्थानकात गाडी बदलल्यावर डब्यात शाळकरी मुले, दोन-तीन वृद्ध स्त्रिया आणि मी एवढेच उरलो. उजव्या हाताला सेतो अंतर्देशीय समुद्र, त्यात बेटांमागे बेटे, आणि आकित्सुच्या आसपास पाण्यावर कालवांच्या शेतीचे बांबूचे तराफे. सगळे इतके शांत आणि इतके सुबक की प्रवासलेख आपोआप लिहून व्हावा.

आता या खिडकीविषयी. कुरे हे १८८९ पासून शाही नौदलाचे ठाणे. हिरोशिमाकडून तिथवर रेल्वे आली ती १९०३ साली, आणि यामातो ही अजस्र युद्धनौका तिथल्याच गोदीत बांधली गेली. कुरेपासून मिहारापर्यंतचा पट्टा १९३५ मध्ये पुरा झाला, आणि त्या वाटेवर, ताडानोउमी या स्थानकासमोर, ओकुनोशिमा नावाचे एक लहान बेट आहे. तिथे १९२९ ते १९४५ या काळात जपानी लष्कराचा विषारी वायूचा कारखाना होता. सहा हजार टनांहून अधिक वायू तिथे तयार झाला आणि तो चीनमध्ये वापरला गेला. कारखान्यात आसपासच्या गावांतले लोक राबत होते, त्यांत युद्धाच्या अखेरीस कामाला जुंपलेली शाळेतली मुलेमुलीही होती. त्यांतल्या अनेकांनी पुढचे सारे आयुष्य फुफ्फुसांच्या विकारांत काढले. बेटाचे अस्तित्व गुप्त राहावे म्हणून ते नकाशांवरून पुसण्यात आले. आणि या मार्गावरून जाणाऱ्या गाड्यांत समुद्राकडच्या खिडक्यांच्या झडपा लावून घेण्याचा हुकूम होता. म्हणजे ज्या खिडकीतून मी कालवांचे तराफे पाहत होतो, त्या खिडकीतून पाहण्याला एके काळी बंदी होती.

हे मला तिथे कोणी सांगितले नाही. हिरोशिमाला जाणाऱ्या प्रत्येकाला ६ ऑगस्ट १९४५ माहीत असतो, आणि असायलाच हवा. पण त्याच शहरातून सुटणारी साधी गाडी काही तासांत ज्या बेटासमोरून जाते, ते मराठी प्रवासलेखांत आढळले तर सशांमुळे आढळते. बेटावर आज शेकडो मोकाट ससे आहेत, पर्यटक बोटीने जाऊन त्यांना खाऊ घालतात, छायाचित्रे काढतात. वायूच्या इतिहासाचे एक लहान संग्रहालयही तिथे १९८८ पासून आहे; जपानी लोकांनीच, त्या कारखान्यातल्या आजारी माणसांच्या आग्रहातून, ते उभे केले आहे. म्हणजे यजमानांनी झडप उघडली आहे. पाहुणे सशांचे फोटो काढताहेत.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा येईल की लेखक चार दिवसांसाठी गेलेला असतो, इतिहास संशोधक नसतो, आणि डोळ्यांना जे दिसले ते प्रांजळपणे सांगणे एवढेच त्याचे काम. हा युक्तिवाद मला मान्य झाला असता, जर लेखक खरोखरच डोळ्यांना दिसले तेवढेच सांगत असता. पण तो 'जपानी माणसाच्या रक्तातच शिस्त आहे' असे लिहितो. रक्त त्याला कुठल्या फलाटावर दिसले?

रक्ताचाच विषय काढला आहे तर २५ एप्रिल २००५ या तारखेकडे जाऊ. त्या सकाळी ओसाकाजवळ आमागासाकी येथे फुकुचियामा मार्गावरची एक लोकल वळणावर रुळांवरून घसरून रहिवासी इमारतीवर आदळली. चालकासह १०७ माणसे मेली. चालक तेवीस वर्षांचा होता. आधीच्या स्थानकात गाडी खुणेच्या पुढे गेल्यामुळे ती मागे घ्यावी लागली होती, त्यात सुमारे दीड मिनिट गेले होते, आणि तो उशीर भरून काढण्याच्या नादात ताशी ७० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणात गाडी ११६ च्या वेगाने शिरली. चौकशीत जे बाहेर आले ते असे, की उशीर करणाऱ्या चालकांसाठी त्या कंपनीत 'निक्किन क्योइकु' नावाची एक शिक्षावजा शिकवणी होती. दिवसेंदिवस बसवून कबुलीवजा निबंध लिहून घ्यायचे, वरिष्ठांची बोलणी खायची, गवत उपटायचे, पगारात खोट खायची. त्या तरुणाने ती एकदा भोगली होती. फलाटावर आखलेल्या ज्या खुणेचे आपले प्रवासलेखक कौतुक करतात, ती खूण ओलांडणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते.

आणि ही जुनी गोष्ट झाली असेही नाही. २०२० साली ओकायामा येथे, त्याच कंपनीच्या एका चालकाचा एक मिनिटाचा उशीर झाला. गाडी रिकामी होती, ती यार्डात न्यायची होती, चालक चुकीच्या फलाटावर जाऊन उभा राहिला होता. कंपनीने एका मिनिटाचे ५६ येन त्याच्या पगारातून कापले. त्याने न्यायालयात दाद मागितली आणि २०२२ साली न्यायालयाने ते ५६ येन परत देण्याचा निकाल दिला. ५६ येन म्हणजे चाळीस रुपयांहूनही कमी. वीस सेकंदांच्या दिलगिरीची बातमी मराठीत घरोघरी पोचली. या छपन्न येनांची पोचल्याचे मला आठवत नाही. वास्तविक दोन्ही एकाच नाण्याच्या बाजू आहेत, आणि दुसरी बाजू पाहिल्याखेरीज पहिलीचा अर्थच लागत नाही. वक्तशीरपणा हा स्वभावधर्म नसून ती एक व्यवस्था आहे. तिच्यात पैसा, तंत्रज्ञान, आस्था, अभिमान हे जसे आहे तसेच भय आहे, शिक्षा आहे आणि १९८७ च्या खासगीकरणात खिळखिळ्या झालेल्या कामगार संघटनांचा इतिहासही आहे.

होक्काइदोच्या मुलीची गोष्ट तर तपासून पाहण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत. २०१६ च्या जानेवारीत जगभर फिरलेल्या त्या कथेत स्थानकाचे नावसुद्धा चुकीचे होते. ती मुलगी क्यू-शिराताकी येथून गाडी धरत असे. कथेत नाव होते कामी-शिराताकीचे. दोन्ही स्थानके, शेजारच्या आणखी एकासह, त्या मार्चमध्ये नव्या वेळापत्रकाबरोबर बंद झाली, ती प्रवासी उरले नाहीत म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथल्या रेल्वे कंपनीने जाहीर केले की आपल्या मार्गांपैकी जवळजवळ निम्मे आपण एकट्याने चालवू शकत नाही. गावे ओस पडताहेत, शाळा मिटताहेत, रूळ उखडले जाताहेत, अशी ती खरी गोष्ट आहे. कादंबरीचा विषय आहे तो! आपण त्याचा सुविचार केला.

खेदाची गोष्ट अशी की ज्या साहित्यात हे सगळे आहे ते आपल्याला अज्ञात नाही. जपानी लेखकांनी आगगाडीवर जितके लिहिले तितके क्वचितच दुसऱ्या कोणी लिहिले असेल, आणि त्यात वक्तशीरपणाची आरती मला तरी फारशी सापडली नाही. नात्सुमे सोसेकीने १९०६ च्या 'कुसामाकुरा'त, युद्धावर निघालेल्या तरुणाला निरोप देण्याच्या प्रसंगी, आगगाडीला विसाव्या शतकाचे प्रतीक मानले. पण शेकडो माणसांना एका पेटीत कोंबून सारख्याच वेगाने नेणारे, व्यक्तीची किंमत शून्य करणारे प्रतीक म्हणून. मात्सुमोतो सेइचोची 'बिंदू आणि रेषा' ही रहस्यकथा १९५७ साली एका पर्यटनविषयक मासिकातच क्रमशः येऊ लागली. तोक्यो स्थानकात तेराव्या फलाटावरून पंधराव्या फलाटावरची गाडी दिवसभराच्या गर्दीत केवळ चार मिनिटे दिसू शकते, या एका तपशिलावर तिची उभारणी आहे. गाड्या वेळेवर धावतात याची खात्री असल्यामुळेच तिथला खुनी आपला डाव रचू शकतो, आणि त्याच्या मागे सरकारी खात्यातला भ्रष्टाचार आहे. उचिदा ह्याक्केनने १९५० नंतर लिहिलेल्या रेल्वेप्रवासांना तर हेतूच नाही. उसने पैसे काढून काहीही काम नसताना ओसाकाला जायचे आणि परत यायचे. उपयुक्ततेची इतकी गोड थट्टा आपल्या एकाही 'प्रेरणादायी' जपानलेखात नाही.

आणि कावाबाता. 'हिमभूमी'तला बोगदा ज्याला आठवत नाही असा साहित्याचा विद्यार्थी विरळा. बोगदा संपतो, बर्फ सुरू होते, इथपर्यंत आपण सारे तल्लीन असतो. पण त्यानंतर लगेच काय घडते? गाडी थांबते, एक मुलगी खिडकी उघडून स्टेशनमास्तरला हाक मारते आणि रेल्वेत नुकत्याच नोकरीला लागलेल्या आपल्या धाकट्या भावाची चौकशी करते, त्याच्याकडे लक्ष ठेवा म्हणून विनवते. जगातल्या बहुधा सर्वांत प्रसिद्ध रेल्वेप्रवेशात पहिला संवाद आहे तो थंडीत राबणाऱ्या एका कोवळ्या रेल्वे कामगाराविषयीचा. आपण बोगदा पाठ केला आणि भाऊ विसरलो. आमागासाकीचा चालकही तेवीसचाच होता.

मराठीत हे असेच चालत आले असे म्हणावे तर तेही खरे नाही, आणि म्हणूनच मला राग येतो. १८८९ साली पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरचे पुस्तक निघाले. परतीच्या वाटेवर त्या जपानमार्गे आल्या होत्या. पण ते येथे गौण. त्या पुस्तकात अमेरिकेविषयी उघड, भरभरून आदर आहे. तरीही रमाबाई राज्यपद्धती कशी चालते, शाळा कोण चालवते, स्त्रियांना कोणते हक्क मिळाले आणि ते कसे मिळवावे लागले हे विचारतात, आणि काळ्या माणसांना व मूळ रहिवाशांना दिलेली वागणूकही झाकत नाहीत. आदर आणि चिकित्सा एकाच वाक्यात नांदू शकतात, हे मराठी गद्याला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी साधले होते. गोडसे भटजी तर यात्रेला आणि दक्षिणेच्या आशेने निघालेले भिक्षुक. पण १८५७ च्या धामधुमीत सापडल्यावर त्यांनी झाशीच्या रस्त्यांवरची प्रेतेही सांगितली आणि स्वतःची घाबरगुंडीही. पुलंचा 'पूर्वरंग' हा पुष्कळांच्या लेखी जपानकौतुकाचा मूळ झरा. मला ते पटत नाही. पुलंच्या विस्मयाला स्वतःची फजिती करून घेण्याची सवय होती, त्यामुळे तो विस्मय कधी उपदेश झाला नाही. अनुकरण करणाऱ्यांनी विस्मय उचलला, फजिती टाकून दिली आणि रिकाम्या जागी प्रबोधन भरले.

अलीकडे या प्रबोधनाला एक नवा अंगरखा मिळाला आहे: एकट्याने केलेला प्रवास. सहल-कंपनीच्या झेंड्यामागून जाणारा लेखक निदान विनम्र असे. चाळीस माणसांच्या घोळक्यात आपण काही विशेष पाहिले असा त्याचा दावा नसे. एकटा जाणारा मात्र 'खरा जपान' पाहून येतो आणि वर 'स्वतःलाही भेटून' येतो. मी एकटा होतो, म्हणून सांगतो. त्या दिवशी मी स्वतःला भेटलो नाही. भाषा येत नसल्यामुळे मी कोणालाही भेटलो नाही. समोरची आजी तिच्या शेजारणीला अर्धा तास काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. त्यातले अक्षरही मला कळले नाही, आणि त्याचा 'निःशब्द संवाद' करून लिहिणे ही लबाडी ठरली असती. उतरायचे स्थानक हुकू नये म्हणून मी घड्याळावर भरवसा ठेवून बसलो होतो. गाडी वेळेवर असण्याचा मला झालेला फायदा तेवढा, आणि तो मी कृतज्ञतेने मान्य करतो. एकटेपणाने माणूस अधिक पाहतो असे नव्हे. त्याचे अज्ञान टोकणारे कोणी नसते, एवढेच.

कोणी म्हणेल, मग आता जपानची काळी बाजू दाखवणारे लेख हवेत काय? मुळीच नको. एकाकी वृद्ध, आत्महत्या, कामाच्या ओझ्याने मरणारे नोकरदार असा 'अंधारा जपान' दाखवणारी दुसरी लोककथाही तयार आहे, आणि ती पहिलीइतकीच आळशी आहे. पहिलीत आपली मान खाली जाते, दुसरीत ती पुन्हा वर येते. देश दोन्हींतून गायबच.

आणि मान खाली घालण्याची ही सवय निरुपद्रवी नाही. १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादेत मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा पाया जपानच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत घातला गेला. त्यानंतर पंधराव्या दिवशी, २९ सप्टेंबरच्या सकाळी, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. तेव्हा आपल्याच मध्यमवर्गीय बैठकांतून मी हे वाक्य ऐकले आहे: 'लोकांना शिस्तच नाही.' पूल किती रुंद होता, किती वर्षांपूर्वीचा होता, तो रुंद करण्याचा निर्णय कुठे अडला होता, हे प्रश्न नंतर आले. शिस्त आधी आली. हे वाक्य आकाशातून पडलेले नाही. अर्धशतकभर शाळेच्या धड्यांतून आणि दिवाळी अंकांतून आपण ते गिरवले आहे. परदेशातली व्यवस्था म्हणजे तिथल्या माणसांचा गुण आणि इथली दुर्दशा म्हणजे इथल्या माणसांचा दोष, असे एकदा मनात बसले की मधली सगळी संस्था, खाती, अंदाजपत्रके, जबाबदार माणसे अदृश्य होतात. त्यांच्या दृष्टीने याहून सोयीचे वाङ्मय ते कोणते?

ओनोमिचीला मी दुपारी उशिरा पोचलो. स्थानकाजवळ हायाशी फुमिकोचा पुतळा आहे: वेताची पेटी आणि छत्री शेजारी ठेवून खाली बसलेली एक बाई. फेरीवाल्या आईबापांबरोबर ती लहानपणी गाडीने या गावात उतरली. हे गाव तिने प्रेक्षणीय म्हणून निवडले नव्हते. जिथे माल खपेल तिथे उतरायचे, असा तो प्रवास होता. पुढे १९३० साली तिची 'भटकंतीची वही' निघाली आणि प्रचंड खपली. तिच्या त्या पेटीसमोर पर्यटक उभे राहून हात वर करून छायाचित्रे काढत होते, आणि खरे सांगायचे तर मीही एक काढले.

तिथून चालत जोदो-जी देवळाकडे गेलो. ओझूच्या 'तोक्यो स्टोरी'त हे देऊळ आहे. पायऱ्यांच्या तळाशी अगदी लागून रेल्वेचे रूळ जातात. १९५३ च्या त्या चित्रपटात म्हातारा-म्हातारी मुलांना भेटायला येथूनच गाडीने निघतात. अखेरीस शाळेत शिकवणारी धाकटी मुलगी वर्गात घड्याळ पाहते आणि खिडकीशी जाते, कारण वहिनीची गाडी आता खालून जाणार हे तिला ठाऊक आहे. आणि गाडीत बसलेल्या वहिनीच्या हातात मेलेल्या सासूचे घड्याळ आहे. गाडी वेळेवर आहे. त्याबद्दल ओझू एक शब्दही बोलत नाही.

मी पायऱ्यांवर बसून राहिलो. खालून मालगाडी गेली, मग एक लोकल गेली. सवयीने मनगटाकडे नजर गेली आणि वही उघडून मी वेळ टिपून ठेवली. ती नोंद अजून तिथेच आहे. सकाळच्या पानावरही तसल्याच तीन आहेत.